निजामाचे विमान, गाजराची गोष्ट आणि साठ फूट खोल तळघर

लंडनमधल्या हॅरोला लेकीकडे राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात नऊ वर्षांच्या नातवाने माझ्यासमोर एक वही आणून ठेवली. पानावर मधोमध रेघ मारून एका बाजूला 'खरे' आणि दुसऱ्या बाजूला 'खोटे' असे त्याने लिहिले होते. शाळेत त्यांना दुसरे महायुद्ध शिकवायला सुरुवात झाली होती आणि वर्गातल्या मुलांनी एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींनी त्याचे डोके भरून गेले होते. स्पिटफायर नावाच्या एका विमानाने इंग्लंड वाचवले, गाजरे खाऊन वैमानिकांना अंधारात दिसू लागले, मूठभर इंग्रज तरुण एकटे सगळ्या जर्मनीशी लढले. परभणीच्या शाळेत मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला असल्यामुळे हे सगळे आजीला ठाऊक असणारच, अशी त्याची खात्री होती. माझ्या पाठ्यपुस्तकात मात्र १९४० मध्ये जर्मन विमानांशी झालेल्या ब्रिटनच्या हवाई लढाईला जेमतेम दोन ओळी होत्या. म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस लेकीने रजा काढली आणि आम्ही तिघांनी पाच दिवस या गोष्टींच्या मागे फिरायचे ठरवले.

पहिला दिवस : हेंडन

हेंडनचे शाही हवाई दलाचे संग्रहालय लंडनच्या उत्तर भागात, जुन्या विमानतळाच्या जागेवर आहे. तिथे प्रवेश विनामूल्य आहे. भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न मार्गावरील कॉलिंडेल स्थानकापासून पायी जाता येते. सकाळी दारे उघडताच पोहोचावे, कारण एका दिवसात सगळे पाहून होत नाही.

आम्ही स्पिटफायर पाहायला गेलो होतो, पण मी खिळून राहिले ती १९१८ सालच्या एका विमानासमोर. डीएच ९ए जातीचे हे दोन पंखी, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेले बॉम्बफेकी विमान ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे, म्हणजे हवाई दलाच्या तुकडीचे आहे, आणि या स्क्वाड्रनची पहिली सगळी विमाने हैदराबादच्या निजामाने भेट दिलेली होती. तसा मजकूरच त्यांच्या अंगावर रंगवलेला असे. ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनीवरील हल्ल्याच्या वेळी हे विमान शत्रूच्या हाती पडले, बर्लिनच्या संग्रहालयात गेले, दुसऱ्या महायुद्धात तिथून पोलंडला हलवले गेले आणि १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या बदल्यात इंग्लंडला परत आले. ही सगळी हकीकत वाचताना माझ्या मनात एकच विचार घोळत होता. त्या काळी परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्याच्या तिजोरीत आमच्या ज्वारी-कापसाच्या रानांचा शेतसाराही जात होता. ज्या शेतकऱ्यांनी विमान कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, त्यांच्या घामाचा काही वाटा या लाकडी पंखांत आहे. लेकीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आई, मग हे आपलंही विमान आहे की."

निजामाची मदत तिथेच थांबली नाही. १९४० च्या लढाईत स्पिटफायर उडवणारी १५२ क्रमांकाची स्क्वाड्रन आणि हरिकेन उडवणारी २५३ क्रमांकाची स्क्वाड्रन या दोघींच्या अधिकृत नावात हैदराबाद आहे. १५२ च्या बोधचिन्हावर तर निजामाची दस्तार, म्हणजे पगडीच आहे. पुढे १२४ क्रमांकाची स्क्वाड्रन बडोद्याच्या नावाने आणि १३२ क्रमांकाची मुंबई शहराच्या नावाने उभी राहिली. पाच हजार पौंड जमवले की एका स्पिटफायरला देणगीदाराने सुचवलेले नाव मिळत असे. ती किंमत प्रतीकात्मक होती, विमानाचा प्रत्यक्ष खर्च त्याहून पुष्कळ अधिक येई. पण या आवाहनावर जगभरातून पैसा आला, आणि 'इंग्लंड एकटे लढले' हे वाक्य त्यामुळेच मला आता उच्चारवत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या दालनात सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान आहे. त्याचा वरचा पंख वैमानिकाच्या इतका जवळ असे की त्याचे डोके पंखातल्या मोकळ्या चौकटीतून वर निघे. दृष्टी चौफेर मिळे, पण विमान उतरताना उलटले तर आधी डोके आणि मान जमिनीवर, ही धास्ती कायमची. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये हेच विमान उडवत होते. जून १९१८ च्या अखेरीस ते हवाई चकमकीत पडले, जखमांनी गेले आणि फ्रान्समधील हँगार येथील दफनभूमीत त्यांना पुरले गेले. पुढच्याच महिन्यात कोलकात्याचे इंद्रलाल रॉय तेरा दिवसांत दहा विजय मिळवून २२ जुलैला मारले गेले. रॉय यांचे नाव निदान अधूनमधून कानावर येते. वेलिंकरांचे नाव मी एकतीस वर्षांत एकाही वर्गात घेतले नव्हते, याची मला त्या डॉल्फिनसमोर उभे असताना फार खंत वाटली.

उपाहारगृहात भाजलेला मोठा बटाटा आणि त्यावर राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांची गोडसर उसळ असा पदार्थ मिळतो. तो पोटभर होतो आणि शाकाहारी माणसाची सोय होते. तिथेच नातवाने मर्लिन इंजिनाविषयी विचारले. स्पिटफायर, हरिकेन आणि बॉम्बफेकी लँकेस्टर या तिन्ही विमानांना शक्ती देणारे रोल्स रॉइसचे हे इंजिन राजा आर्थरच्या कथेतील जादूगाराच्या नावाचे, असे त्याच्या मित्राने सांगितले होते. खरे तर मर्लिन हा एक छोटा ससाणा आहे. त्या कंपनीची त्या काळातील बरीच इंजिने शिकारी पक्ष्यांच्या नावांनी ओळखली जात. 'खोटे' या रकान्यात पहिली नोंद झाली.

दुसरा दिवस : अक्सब्रिज

हॅरोहून मेट्रोपॉलिटन मार्गाने अक्सब्रिजला थेट गाडी आहे. तिथले भूमिगत नियंत्रण केंद्र मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते, म्हणून वेळ आधी ठरवून घ्यावी. ७६ पायऱ्या उतरून साठ फूट खाली जावे लागते. गुडघे दुखत असतील तर सावकाश उतरावे आणि शाल बरोबर ठेवावी, खाली चांगलाच गारवा असतो.

या खोलीतून १९४० मध्ये लंडन आणि आग्नेय इंग्लंडचे रक्षण करणाऱ्या ११ क्रमांकाच्या गटाच्या लढाऊ विमानांना आज्ञा दिल्या गेल्या. गटाचे प्रमुख न्यूझीलंडचे कीथ पार्क होते. मधोमध दक्षिण इंग्लंडचा प्रचंड नकाशा अंथरलेला आहे, त्यावर शत्रूच्या आणि आपल्या तुकड्या दाखवणारे लहान ठोकळे आहेत, आणि महिला दलातील तरुणी लांब काठ्यांनी ते सरकवत असत. भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी दर पाच मिनिटांच्या लाल, पिवळ्या आणि निळ्या त्रिकोणांत विभागलेली आहे. ठोकळ्यावरचे बाण त्या त्या वेळेच्या रंगाचे असल्यामुळे कोणती बातमी ताजी आणि कोणती शिळी हे वर सज्जात बसलेल्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळे. समोरच्या फलकावर दिव्यांच्या रांगा आहेत. कोणती स्क्वाड्रन सज्ज, कोणती हवेत, कोणती शत्रूला भिडलेली आणि कोणती इंधनासाठी खाली उतरलेली, हे त्यांतून दिसत असे.

आमच्या मार्गदर्शक सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांच्या मोत्याच्या माळेइतकेच त्यांचे बोलणे नेटके होते. त्यांनी आधी एक गैरसमज दूर केला. रडारने लढाई जिंकून दिली असे सरसकट म्हटले जाते, पण किनाऱ्यावरचे ते उंच मनोरे फक्त समुद्राकडे पाहत. विमान किनारा ओलांडून आत आले की दुर्बीण घेऊन उघड्यावर उभ्या असलेल्या निरीक्षक दलावर सारी भिस्त असे. दोन्हीकडच्या बातम्या दूरध्वनीने येत, स्टॅनमोरच्या बेंटली प्रायरी येथील मुख्यालयात रडारची माहिती पडताळून घेतली जाई, मग ती इथे आणि इथून विमानतळांकडे जाई. सगळा प्रवास काही मिनिटांत होई. ही व्यवस्था लढाऊ विमान दलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी युद्धापूर्वीच उभारली होती. मला विचाराल तर त्या लढाईतले खरे आश्चर्य कोणत्याही विमानापेक्षा हे तारांचे जाळे आहे, कारण त्यामुळे थोड्या विमानांना दिवसभर आकाशात पहारा देत इंधन जाळावे लागले नाही. गरज पडेल तिथे, गरज पडेल तेव्हाच त्यांना पाठवता आले.

१५ सप्टेंबर १९४० रोजी पंतप्रधान चर्चिल याच सज्जात बसले होते. आता राखीव काय उरले आहे, असे त्यांनी पार्क यांना विचारले आणि काहीच नाही असे उत्तर मिळाले, ही हकीकत चर्चिल यांनीच नोंदवून ठेवली आहे. ती खरी आहे, पण ते उत्तर पार्क यांच्या गटापुरते होते. शेजारच्या गटांकडे आणि उत्तरेत विमाने होती. त्याच दिवशी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर झाले. युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्या तेव्हा तो आकडा साठीच्या आसपास निघाला. हे कोणी मुद्दाम खोटे बोलले म्हणून नव्हे, तर ताशी तीनशे मैलांच्या वेगात एकाच जळत्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या आणि तिघांनीही प्रामाणिकपणे ते आपले मानले, म्हणून. नातवाने वही उघडली आणि पेन हातात धरून तो थांबला. "आजी, हे कुठल्या बाजूला लिहू?" पानाच्या कडेला त्याने तिसरा रकाना आखला आणि त्यावर 'अर्धे खरे' असे लिहिले.

त्याच रकान्यात मग गाजर गेले. नोव्हेंबर १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिक जॉन कनिंगहॅम यांनी रात्रीच्या अंधारात शत्रूचे विमान पाडले ते त्यांच्या ब्यूफायटर विमानात बसवलेल्या छोट्या रडारच्या मदतीने. पुढे त्यांना मांजराच्या डोळ्यांचा म्हणून प्रसिद्धी मिळाली आणि त्यांच्या दृष्टीचे श्रेय गाजरांना दिले गेले. देशात गाजरे भरपूर होती, बाकी पुष्कळ गोष्टींची टंचाई होती, तेव्हा अन्न खात्यालाही ही गोष्ट सोयीची होती. जर्मन मात्र या गोष्टीने फसले असे मानणे ही दुसरी दंतकथा आहे, त्यांच्याकडे स्वतःचे रडार होते. तरीही अ जीवनसत्त्व कमी पडले तर रातांधळेपणा येतो हे सत्य आहेच. आमच्याकडे बालवाडीतल्या मुलांना त्याचे डोस पाजताना मी रांगेत उभी राहिलेली आहे.

शेवटी मी बाईंना एक प्रश्न विचारला. आपल्याकडे दर वर्षी एक संदेश फिरतो की ब्रिटनच्या लढाईत भारतीय वैमानिक लढले. त्यांनी हळुवारपणे पण स्पष्ट सांगितले की, भारतातून आलेल्या चोवीस वैमानिकांची तुकडी पोहोचली ती ऑक्टोबर १९४० मध्ये, लढाई संपत आली असताना, आणि प्रशिक्षणानंतर १९४१ मध्ये ते आघाडीच्या स्क्वाड्रनमध्ये गेले. त्यांच्यापैकी महिंदरसिंग पुज्जी यांनी इंग्लंडमधून हरिकेन उडवले, पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर शौर्यपदक मिळवले, आणि ग्रेव्हसेंड या गावी आज त्यांचा पुतळा आहे. आपला अभिमान चुकीच्या तारखेवर उभा करण्याची काहीच गरज नाही. त्यांनी जे केले ते पुरेसे मोठे आहे.

परत येताना नॉर्थोल्टच्या विमानतळाजवळ, मोठ्या रस्त्याच्या कडेला असलेले पोलिश वैमानिकांचे स्मारक पाहिले. ३०३ क्रमांकाच्या पोलिश स्क्वाड्रनने ३१ ऑगस्ट १९४० ला अधिकृतपणे लढाईत उतरून सहा आठवड्यांत १२६ विमाने पाडल्याचा दावा केला. वरच्या नियमाने तोही आकडा खाली येईल, पण हरिकेन उडवणाऱ्या स्क्वाड्रनमध्ये तो सर्वांत मोठा होता. त्या लढाईतील जवळपास दर पाचवा हवाई सैनिक ब्रिटनबाहेरचा होता. रस्त्यावर वाहनांचा नुसता गोंगाट होता, आणि पायथ्याशी कोणीतरी त्याच सकाळी ठेवलेली लाल-पांढरी फुले होती.

तिसरा दिवस : डक्सफर्ड

एक दिवस विश्रांती घेऊन केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला गेलो. लिव्हरपूल स्ट्रीटहून व्हिटल्सफर्ड पार्कवेपर्यंत आगगाडी आणि पुढे टॅक्सी, हे सोपे पडते. तिकीट महाग आहे, त्यामुळे पूर्ण दिवस हाती ठेवून जावे आणि चपला सोडून बूट घालावेत, कारण विमाने ठेवलेले हँगर एकमेकांपासून बरेच दूर आहेत.

पहिली स्पिटफायर विमाने ऑगस्ट १९३८ मध्ये याच तळावर १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली. हँगरमध्ये शेजारी हरिकेन पाहिल्यावर दोघांतला फरक डोळ्यांना कळतो. स्पिटफायर सगळे धातूचे, पातळ पंखांचे, देखणे आहे. हरिकेनच्या पाठीमागचा भाग कापडाने मढवलेला आणि चाके रुंद अंतरावर असल्याने ओबडधोबड मैदानावर ते नीट उतरे व लवकर दुरुस्त होई. १९४० च्या लढाईत हरिकेनच्या स्क्वाड्रन अधिक होत्या आणि पाडलेल्या शत्रुविमानांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या नावावर आहेत. नातू यावर बराच वेळ गप्प होता. त्याची स्पिटफायरवरची माया काही कमी झाली नाही, आणि ती व्हावी असे मलाही वाटले नाही.

दुपारी ढग फाटले आणि एक स्पिटफायर खरोखरच उडाले. इंजिनाचा आवाज आधी पोटात जाणवतो, मग कानात. धावपट्टीच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी टोपी काढली आणि विमान दिसेनासे होईपर्यंत ती हातातच धरून ठेवली. आम्ही गवतावर बसून धपाटे आणि दह्याची चटणी खाल्ली. त्यांनाही एक दिला. तिखट लागले, पण त्यांनी दुसरा मागून घेतला.

चौथा दिवस : लिंकन

किंग्ज क्रॉसहून लिंकनला जाणारी आमची गाडी रद्द झाली आणि पुढची मिळेपर्यंत दीड तास गेला, म्हणून बाहेरगावच्या या दिवसाला सकाळची पहिलीच गाडी धरावी. लिंकनच्या दक्षिणेला कॅनविक टेकडीवर बॉम्बर कमांडचे, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेचे आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. बाहेरचे स्मारक तिकिटाशिवाय पाहता येते. गंजलेल्या रंगाच्या पोलादाचा सुळका १०२ फूट उंच आहे, म्हणजे एका लँकेस्टर विमानाच्या पंखांच्या पसाऱ्याएवढा. भोवती वर्तुळाकार भिंतींवर जवळपास ५८,००० नावे कोरून आरपार कापलेली आहेत. समोर दरीपलीकडे लिंकनचे कॅथीड्रल दिसते. जिवंत परतणाऱ्या विमानांना घर जवळ आल्याची तीच खूण असे.

इथे मला सर्वांत जास्त वेळ लागला. लढाऊ वैमानिकांच्या गोष्टी सांगायला सोप्या असतात, बॉम्बर कमांडच्या नाहीत. इतक्या थोड्यांचे इतके ऋण इतक्या जणांवर कधीच नव्हते, हे चर्चिल यांचे लढाऊ वैमानिकांविषयीचे २० ऑगस्ट १९४० चे वाक्य सर्वांना पाठ आहे, पण त्याच भाषणात त्यांनी लगेच पुढे रात्रीमागून रात्री जर्मनीवर जाणाऱ्या बॉम्बर दळांचा गौरव केला होता, तो कोणी म्हणत नाही. सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ मेले. तरीही त्यांचे मोठे राष्ट्रीय स्मारक लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये उभे राहिले ते २०१२ मध्ये.

बॉम्ब नेमके लक्ष्यावर पडत, हा समज तर युद्धकाळातच मोडला होता. ऑगस्ट १९४१ च्या एका सरकारी अहवालात छायाचित्रे तपासून असे आढळले की, लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी तिनात एकच पाच मैलांच्या आत पोहोचले होते. त्यानंतर शहरेच लक्ष्य झाली, हे या केंद्रात लपवलेले नाही. बॉम्बफेक करणाऱ्यांच्या आवाजाशेजारी ती सोसणाऱ्या जर्मन माणसांचे आवाजही इथे ऐकायला मिळतात. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरावरच्या बॉम्बफेकीतील मृतांचा आकडा दोन लाखांवर असल्याचे कित्येक दशके सांगितले गेले. जर्मन इतिहासकारांच्या समितीने तो २५,००० पर्यंत असल्याचा निष्कर्ष काढला. आकडा खाली आल्याने दुःख हलके होत नाही, पण ज्यांनी तो फुगवला त्यांचा हेतू दुःख सांगण्याचा नव्हता हे कळते.

नातवाला धरणे फोडणाऱ्यांची गोष्ट ऐकायची होती. १६ मे १९४३ च्या रात्री लिंकनजवळच्या स्कॅम्प्टनहून ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची १९ लँकेस्टर विमाने निघाली. बार्न्स वॉलिस यांनी आखलेला, उलटा गरगरत पाण्यावर उड्या मारत जाणारा बॉम्ब अवघ्या साठ फुटांवरून टाकायचा होता. जर्मनीतील म्योने आणि एडर ही दोन धरणे फुटली, तिसरे टिकले. आठ विमाने परतली नाहीत, ५३ जण मेले. जर्मनीचे कारखाने कायमचे बंद पडले, हा त्यातला अतिशयोक्तीचा भाग, कारण शरद ऋतूपर्यंत म्योनेची भिंत पुन्हा उभी राहिली होती. खाली पाण्यात तेराशेहून अधिक माणसे बुडाली आणि त्यांत शेकडो जणी सक्तीने कामाला आणलेल्या पूर्व युरोपातल्या बायका होत्या. एका केंद्र-स्वयंसेवकाने हे सांगितले तेव्हा नातवाने विचारले, "त्यांची नावं कुठल्या भिंतीवर आहेत?" ते गृहस्थ खाली वाकून त्याच्या उंचीवर आले, आणि "या भिंतीवर नाहीत" एवढेच म्हणाले.

वारा झोंबत होता. आम्ही भिंतींच्या आडोशाला बसून सोबत आणलेल्या पोळ्या खाल्ल्या. गावात उतरल्यावर मनुका घातलेला तिथला गोडसर पाव लोणी लावून खाल्ला. चहाबरोबर तो उत्तम लागतो.

पाचवा दिवस : रनीमीड

शेवटचा दिवस पावसाचा होता. एगम स्थानकापासून चढ चढून कूपर्स हिलवरच्या स्मारकापर्यंत पायी जाता येते. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. ज्यांचा देह कुठेच सापडला नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई दलाच्या माणसांची नावे इथे खिडक्यांच्या दगडी कडांवर कोरली आहेत. खिडकीतून तिरका उजेड पडतो, म्हणून नावे वाचायला मान थोडी वाकवावी लागते.

आम्ही एकच नाव शोधत होतो. नूर इनायत खान या टिपू सुलतानाच्या वंशातल्या, हवाई दलाच्या महिला शाखेतून बिनतारी संदेशाचे काम शिकून नाझीव्याप्त फ्रान्समध्ये गुप्तपणे उतरलेल्या. सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत त्यांना मारण्यात आले. त्यांनी विमान उडवले नाही, पण हवाई दलाच्या हरवलेल्यांत त्यांचे नाव आहे.

नोंदवहीवरून लेकीने फलक शोधून काढला. नातवाने वही उघडली, तिन्ही रकाने सोडून शेवटचे कोरे पान काढले आणि ओल्या बोटांनी पेन घट्ट धरून, दगडावर होते तसे, एकेक अक्षर बघत ते नाव उतरवून घेतले. मग खालच्या ओळीत, मला न विचारता, त्याने वेलिंकर असे लिहिले आणि त्याचे स्पेलिंग बरोबर आहे का, हे पाहायला वही माझ्यापुढे धरली.